‘वय झालं’ हे निदान नव्हे



कापसाचा भाव, ज्वारीची खरेदी, विजेचे बिल आणि बँकेची नोटीस हे या पानावरचे आमचे नेहमीचे विषय. या वेळी आम्ही म्हाताऱ्या माणसाच्या लघवीवर लिहीत आहोत. विषय वाचून कोणी हसेल, कोणी पान उलटेल. उलटू नये. ज्या घरात सत्तरीचा बाप अजून वखरामागे उभा राहतो आणि ज्या घरात म्हातारी माय रात्री एकटी ओसरीत झोपते, त्या घराचा हा विषय आहे. म्हणजे आपल्यापैकी जवळपास सगळ्यांच्या घरचा आहे.

मुद्दा थोडक्यात असा. अंगातला स्नायू दबून, तापून किंवा अतिश्रमाने फुटला की माणसाच्या किडन्या एकदोन दिवसांत बंद पडू शकतात. वेळेवर इलाज झाला तर त्या पुष्कळदा वाचतात, आणि बंद पडल्या तरी पुष्कळदा पुन्हा सुरू होतात. पण रुग्ण म्हातारा असला की दवाखान्यात म्हणतात ‘वय झालं’, घरचेही म्हणतात ‘वय झालं’, आणि गाडी परत गावाकडे वळते. वय हे त्या मरणाचे कारण नसते. कारण असते वाया गेलेला वेळ.

हे होते कसे

स्नायू म्हणजे आपले मांस. मांडी, पोटरी, दंड, पाठ. त्याच्या आत मायोग्लोबिन नावाचे तांबडे द्रव्य असते, पोटॅशियम नावाचा क्षार असतो, आणखीही बरेच काही असते. जोवर स्नायू धड आहे तोवर हे सगळे आत राहते. स्नायू फुटला की ते रक्तात उतरते. रक्तातून किडनीत जाते. प्रत्येक किडनीत सुमारे दहा लाख बारीक गाळण्या आणि त्यांच्या नळ्या असतात. ज्याने शेतात ठिबक टाकले आहे त्याला पुढचे सांगायला नको. पाण्याचा दाब चांगला असेल तर गाळ वाहून जातो. पाणी कमी आणि गाळ जास्त झाला की नळी चोंदते. किडनीचेही तेच होते. शिवाय हे तांबडे द्रव्य नळ्यांना नुसते चोंदत नाही, त्यांच्या आतल्या अस्तराला इजाही करते.

आपल्याकडे हे कधी होते? यादी ओळखीची आहे. पावसाळ्यात मातीची भिंत अंगावर येते. विहिरीची दरड कोसळते. ट्रॅक्टर उलटून पाय दबतो. मोटारीचा जबर शॉक लागतो. आग्या मोहोळ उठून शेकडो डंख बसतात. एप्रिल-मे महिन्यात पऱ्हाट्या उपटताना, धसकटे वेचताना ऊन डोक्यात जाते आणि माणूस बरळायला लागतो.

आणि म्हाताऱ्यांच्या बाबतीत सर्वांत जास्त फसवणारे कारण म्हणजे साधे पडणे. समजा, रात्री लघवीला उठलेली म्हातारी न्हाणीघराजवळ घसरली. हाड मोडलेले नाही, रक्त आलेले नाही, पण उठता येत नाही. पोरगा जागलीला शेतात आहे, धाकटा पुण्याला कंपनीत आहे. सकाळी शेजारीण दार लोटते तेव्हा म्हातारी सातआठ तास एकाच कुशीवर, टणक जमिनीवर पडून आहे. तेवढा वेळ तिच्याच अंगाच्या भाराखाली तिची मांडी आणि खांदा दबून राहिला. बाहेरून फक्त लाल चट्टा दिसतो. आत स्नायू फुटलेला असतो. घरचे तिला उचलून खाटेवर ठेवतात, चहा पाजतात, अंग दुखते म्हणते म्हणून तेल लावून चोळतात. तिसऱ्या दिवशी लक्षात येते की लघवी झालेलीच नाही.

काही जणांची पहिली लघवी काळ्या चहासारखी, तांबूस-तपकिरी होते. ती दिसली तर ती धोक्याची घंटाच समजावी. पण सगळ्यांचीच तशी होत नाही. रंग साधा दिसला म्हणून निश्चिंत राहू नये.

उत्तर जुने आहे

हा काही नवा आजार नव्हे. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत होते. ढिगाऱ्याखालून जिवंत काढलेली माणसे आधी बरी वाटत, मग त्यांची लघवी कमी होत जाई आणि काही दिवसांत ती दगावत. बायवॉटर्स आणि बील या डॉक्टरांनी १९४१ साली अशा रुग्णांची नोंद छापली आणि दबलेला स्नायू आणि बंद पडलेली किडनी यांचा संबंध जगापुढे मांडला.

पुढे १९८२ साली लेबनॉनमध्ये एक इमारत कोसळली. डॉक्टरांनी दबलेल्या सात माणसांना दवाखान्यात पोहोचेपर्यंत थांबवले नाही. ढिगाऱ्यातून काढतानाच सलाईन सुरू केले आणि पुढेही भरपूर चालू ठेवले. त्या सातांपैकी एकाचीही किडनी बंद पडली नाही. १९८४ साली हे छापून आले.

१७ ऑगस्ट १९९९ रोजी तुर्कस्तानच्या मार्मारा भागात मोठा भूकंप झाला. तिथे दबल्यामुळे किडनीचा त्रास झालेल्या ६३९ जणांची नोंद झाली. त्यांतल्या ४७७ जणांना डायलिसिस लागले. ६३९ पैकी ९७ दगावले. म्हणजे शंभरातले सुमारे पंचाऐंशी जगले. ज्या रोगाने १९४१ साली माणूस हमखास जात होता, त्यातून १९९९ साली बहुतेक माणसे उठली. मधल्या काळात माणसाची किडनी बदलली नाही. सलाईन वेळेवर मिळू लागले, डायलिसिसचे यंत्र मिळू लागले, आणि कोणाला कुठे हलवायचे याची शिस्त आली.

भूकंप म्हटले की आपल्याला किल्लारी आठवते. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट लातूर-उस्मानाबादच्या माणसाला कोणी सांगायला नको. दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर पडल्या. त्या आठवणीतून घरे कशी बांधावी हे आपण शिकलो. दबलेल्या माणसाला बाहेर काढल्यावर पहिल्या सहा तासांत काय करावे हे मात्र अजून गावोगाव पोहोचलेले नाही. त्याला भूकंपच लागत नाही. एक भिंत पुरते, एक दरड पुरते, न्हाणीघरातली ओली फरशी पुरते.

म्हाताऱ्याचा हिशेब वेगळा

तरण्या माणसाला जे झेपते ते म्हाताऱ्याला झेपत नाही, हे खरे. पण का झेपत नाही, ते समजून घ्यावे.

चाळिशीनंतर किडनीची गाळण्याची ताकद दरवर्षी थोडी थोडी उतरते. म्हातारपणी तहानही कमी लागते. अंग कोरडे पडले तरी पाणी मागावेसे वाटत नाही. त्यात ब्लडप्रेशरच्या गोळ्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, साखरेच्या गोळ्या चालू असतात. त्यांतल्या काही, अंग कोरडे असताना किडनीवर भार टाकतात. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांनी क्वचित स्नायूच फुटतो. म्हणून दवाखान्यात जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत भरून न्याव्यात. गोळी स्वतःच्या मनाने कायमची बंद करू नये, पण डॉक्टरला दाखवल्याशिवाय राहू नये.

रक्ताच्या कागदातही एक खोच आहे. क्रिएटिनिन नावाची तपासणी किडनीचे काम सांगते. पण क्रिएटिनिन स्नायूतूनच तयार होते. वाळलेल्या म्हातारीच्या अंगात मांसच कमी, म्हणून किडनी अर्ध्यावर आली तरी तिचा आकडा कागदावर जेमतेम वाढलेला दिसतो. ‘थोडंच वाढलंय, घरी न्या’ असे कोणी म्हटले तर ‘उद्या पुन्हा तपासू का?’ असे विचारावे. एका आकड्यापेक्षा आकडा चढतो की उतरतो हे महत्त्वाचे. त्यासोबत सीपीके नावाची तपासणी करायला सांगावी. ती साधारण दोनशेच्या आत असते. हजाराच्या वर गेली की स्नायू फुटला असे समजतात. पाच हजारांच्या वर गेली की किडनीला धोका वाढतो. आणि पोटॅशियम तपासलेच पाहिजे, कारण ते वाढले तर किडनीची वाट न पाहता हृदयच थांबते. साध्या ईसीजीवरही त्याची खूण दिसू शकते. त्यावर तातडीची इंजेक्शने आहेत आणि ती महागडी नाहीत.

आता सलाईनचे. आपल्याकडे सलाईनवर लोकांची श्रद्धा आहे. ताप आला, बाटली. थकवा आला, बाटली. या आजारात सलाईन हाच खरा इलाज आहे, पण मोजून. साधे मिठाचे सलाईन लवकरात लवकर सुरू करायचे आणि लघवी किती होते ते तासातासाला मोजायचे. तरण्या गड्याला दिवसाला कितीतरी लिटर चालवतात. म्हाताऱ्याचे हृदय अशक्त असेल तर तेच पाणी फुप्फुसात भरते आणि तो गुदमरतो. म्हणून त्याला सलाईन द्यायचे नाही असे नव्हे. त्याच्याजवळ कोणीतरी बसून मोजायचे, श्वास पाहायचा, छाती तपासायची. म्हाताऱ्याच्या इलाजाला औषध जास्त लागत नाही, लक्ष जास्त लागते. आणि आपल्या दवाखान्यांत नेमकी त्याचीच टंचाई आहे.

लघवी होत नाही म्हणून लघवीचे इंजेक्शन देण्याचीही रीत आहे. कोरड्या पडलेल्या अंगाला ते दिले तर उरलेले पाणीही निघून जाते. विहिरीला पाणी नसताना मोटार जास्त वेळ चालवून पिकाला पाणी मिळत नाही. मोटार मात्र जळते.

गिधाडाची किडनी आणि शेतकऱ्याची किडनी

आता थोडे कडू बोलतो.

पूर्वी गावाच्या हाडखईवर गिधाडे उतरत. आता म्हाताऱ्यांनाच ती आठवतात. ती का गेली हे २००४ साली जगासमोर आले. ढोरांना दुखण्यासाठी डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन देत. ते ढोर मेले की त्याचे मांस गिधाड खाई आणि गिधाडाची किडनी बंद पडे. भारत सरकारने २००६ साली ढोरांसाठी हे औषध बंद केले. तरीही माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या ढोरांना वापरल्या जात होत्या, म्हणून २०१५ साली त्या मोठ्या बाटल्याही बंद केल्या. २०२३ साली ढोरांसाठीची अशीच आणखी दोन औषधे, अॅसिक्लोफेनॅक आणि केटोप्रोफेन, बंद झाली.

हे चांगलेच झाले. गिधाडे परत यावीत अशी आमचीही इच्छा आहे. माणसाची किडनी गिधाडाइतकी नाजूक नाही, हेही खरे. धडधाकट माणसाला एखाद्या गोळीने काही होत नाही. पण उन्हात दिवसभर राबलेला, पाणी न प्यालेला, स्नायू फुटलेला सत्तरीचा म्हातारा धडधाकट नसतो. याच जातीची दुखण्याची औषधे अशा अंगाला दिली तर किडनीचा रक्तपुरवठा आणखी आवळला जातो. आणि आपल्याकडे नेमके हेच घडते. म्हातारा पडला, अंग ठणकते, गावातल्याच कोणाकडून कमरेत इंजेक्शन, वर सलाईनच्या बाटलीत दुसरे. कागद नाही, नाव नाही. ठणका थांबला म्हणून घरचे खूश. लघवीही थांबली, हे नंतर कळते.

सरकारने सतरा वर्षांत तीनदा गिधाडाच्या किडनीचा विचार केला. शेतकऱ्याच्या किडनीचा एकदा तरी करावा. औषध बंद करा अशी आमची मागणी नाही. दिलेल्या प्रत्येक इंजेक्शनचे नाव कागदावर लिहून मिळावे, आणि पडलेल्या, उन्हाने लोळवलेल्या किंवा लघवी कमी झालेल्या म्हाताऱ्याला हे इंजेक्शन देऊ नये हे गावातल्या प्रत्येक सुई टोचणाऱ्याला ठाऊक असावे, एवढेच मागतो.

हा प्रश्न फक्त दवाखान्याचा आहे असेही समजू नका. सत्तरीचा माणूस मे महिन्याच्या उन्हात शेतात असतोच का? सरकार हमीभाव काढताना औतअवजारांचा घसारा खर्चात धरते. घरच्या माणसांची मजुरीही धरते, असे सांगते. पण वखराचा घसारा धरणाऱ्यांनी वखर हाणणाऱ्याचा घसारा कधी धरला आहे काय? नोकरदाराला साठीच्या आसपास निवृत्ती आहे. कोरडवाहू शेतकऱ्याला नाही, कारण गडी लावला तर त्याची मजुरी कापसाच्या भावातून निघत नाही. म्हणून म्हातारा उन्हात जातो. त्याच्या अंगातला स्नायू फुटतो तो त्या तोट्याच्या हिशेबातला शेवटचा आकडा असतो. तो कुठल्याच वहीत लिहिला जात नाही.

डायलिसिस म्हणजे शेवट नव्हे

गावात एक समज घट्ट बसला आहे. डायलिसिस लागले म्हणजे माणूस संपला, शेत विकूनही उपयोग नाही. हा समज वर्षानुवर्षे साखरेने किंवा ब्लडप्रेशरने झिजलेल्या किडनीवरून आला आहे. तिथे डायलिसिस बहुधा कायमचे लागते, हे खरे. पण आपण ज्या आजाराविषयी बोलतो आहोत त्यात किडनी झिजलेली नसते, चोंदलेली असते. यंत्र फक्त तिची पाळी सांभाळते. कोणाला चार दिवस लागते, कोणाला तीन आठवडे, कोणाला दोनतीन महिने. जगलेल्यांपैकी बहुतेकांची लघवी पुन्हा सुरू होते आणि यंत्र सुटते. म्हाताऱ्यांमध्ये काहींची किडनी पूर्वीइतकी येत नाही, काहींचे डायलिसिस सुटतही नाही. हे आम्ही लपवत नाही. पण ‘काहींचे सुटत नाही’ आणि ‘कोणाचेच सुटत नाही’ यात एका माणसाच्या जिवाइतका फरक आहे.

डायलिसिसचा इतिहासच म्हातारपणाच्या बाजूने साक्ष देतो. हॉलंडमध्ये विलेम कोल्फ या डॉक्टरने युद्धाच्या धामधुमीत कृत्रिम किडनीचे यंत्र जोडले आणि १९४३ पासून ते वापरायला सुरुवात केली. पहिले रुग्ण एकामागून एक दगावले, एकदोन जगले तरी ते यंत्राने जगले असे म्हणता येईना. १९४५ साली या यंत्राने खात्रीने वाचवलेला पहिला रुग्ण मिळाला. किडन्या अचानक बंद पडलेली ती एक बाई होती. तिचे वय होते ६७ वर्षे. ती पुढे काही वर्षे जगली आणि दुसऱ्याच आजाराने गेली. त्या दिवशी तिथे कोणी ‘वय झालं’ म्हटले असते तर जगाला डायलिसिस मिळायला आणखी किती काळ लागला असता, विचार करा.

यावर एक आक्षेप येतो आणि तो प्रामाणिक आहे. यंत्रे थोडी, रुग्ण फार; मग तरण्या माणसाला आधी द्यावे की म्हाताऱ्याला? आमचे उत्तर असे की या आजारातला रुग्ण यंत्र कायमचे अडवून बसत नाही, काही दिवसांत मोकळे करतो. आणि वेळेवर सलाईन मिळाले तर पुष्कळांना यंत्र लागतच नाही. टंचाईचा निवाडा म्हाताऱ्याच्या डोक्यावर काढण्याआधी टंचाई कमी करण्याचे स्वस्त काम करा.

दुसरीही एक गोष्ट मान्य केली पाहिजे. एखादा म्हातारा दुसऱ्या असाध्य रोगाने खंगला आहे आणि तो स्वतः म्हणतो की मला आता सुया नकोत, घरी न्या. त्याचा शब्द मानला पाहिजे. पण तो त्याचा शब्द असावा, खरी माहिती ऐकल्यावर दिलेला असावा. शेवटची एसटी चुकेल म्हणून, पैसे नाहीत म्हणून, किंवा कोणी मान हलवली म्हणून घेतलेला निर्णय हा म्हाताऱ्याचा निर्णय नव्हे.

योजना कागदावर, रोगी खाटेवर

पैशाचे म्हणाल तर सरकारने काही केले नाही असे आम्ही म्हणणार नाही. २०१६ च्या अंदाजपत्रकात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला; गरिबांना जिल्हा रुग्णालयात डायलिसिस मोफत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना राज्यातल्या सर्व कुटुंबांना लागू करण्याचा आणि तिची मर्यादा ५ लाख रुपयांपर्यंत नेण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२३ साली घेतला. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंतचा इलाज आहे. २०१४ पासून १०८ ची गाडी आहे.

म्हणजे कागदावर रस्ता आहे. पण या आजाराला रविवार नसतो, रात्र नसते. पोटॅशियम वाढते ते कार्यालयीन वेळ पाहून वाढत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात सलाईन आहे पण मोजणारे माणूस नाही, तालुक्याला तपासणी आहे पण दुपारनंतर नाही, जिल्ह्याला यंत्र आहे पण ते नंबर लावलेल्या कायमच्या रुग्णांना दिवसा पुरते, रात्री आलेल्याला नाही. अशा तक्रारी आपल्या सभांतून आपण सारेच ऐकतो. ज्याच्याकडे गाडी आणि पैसा आहे तो नागपूर, छत्रपती संभाजीनगर गाठतो. ज्याच्याकडे नाही त्याच्या म्हाताऱ्याचे ‘वय होते’.

आपण काय करायचे

मागणी करण्याआधी घरचे काम. ते आपल्या हातात आहे आणि त्याला पैसा लागत नाही.

एकटा म्हातारा किंवा म्हातारी राहते त्या घराचे दार सकाळ-संध्याकाळ कोणीतरी वाजवावे. प्रत्येक आळीने ती पाळी वाटून घ्यावी. एप्रिल-मे महिन्यात साठीवरच्या माणसाने सकाळी दहाच्या आत बांधावरून परतावे. तहान लागो न लागो, पाणी प्यावे.

ऊन लागून माणूस बरळायला लागला तर सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

पडलेला माणूस सापडला तर तो शेवटचा धड कधी दिसला आणि कधी सापडला ही वेळ लिहून ठेवा. डॉक्टरला ती पहिली सांगा. सुजलेला भाग चोळू नका, आवळून बांधू नका. दुखण्याचे इंजेक्शन घेऊ नका. पहिली लघवी बाटलीत धरून दाखवायला न्या. लघवी कमी झाल्यावर कौतुकाने नारळपाणी आणि फळांचा रस पाजतात, तो थांबवा. त्यात पोटॅशियम असते, आणि बंद पडलेल्या किडनीला ते बाहेर टाकता येत नाही.

कोणी ढिगाऱ्याखाली किंवा ट्रॅक्टरखाली तासभर दबून असेल आणि नर्स किंवा डॉक्टर जागेवर पोहोचले असतील, तर बाहेर काढण्याआधीच सलाईन लावायला सांगा. पाय मोकळा झाल्याबरोबर आत साचलेले विष एकदम रक्तात उतरते. मात्र डॉक्टरची वाट पाहत माणसाला दबलेला ठेवू नका.

आता मागणी. येत्या जिल्हा सभेत पुढील ठराव मांडावा असे आम्ही सुचवतो.

एक, प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात चोवीस तास मिठाचे सलाईन, लघवी तपासण्याची पट्टी आणि तासातासाची लघवी लिहिण्याचा तक्ता असावा. दबलेला, उन्हाने पडलेला किंवा रात्रभर जमिनीवर राहिलेला रुग्ण आला की पुढे पाठवण्याआधी सलाईन सुरू व्हावे.

दोन, प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात क्रिएटिनिन, पोटॅशियम, सीपीके आणि ईसीजी रात्रीही व्हावे.

तीन, प्रत्येक जिल्हा रुग्णालयात डायलिसिसचे किमान एक यंत्र आणि ते चालवणारा माणूस तातडीच्या रुग्णांसाठी रात्रंदिवस राखून ठेवावा.

चार, सत्तरीवरच्या सर्वांची आयुष्मान कार्डे गावात येऊन काढून द्यावीत. म्हाताऱ्याने अंगठ्यासाठी तालुक्याला हेलपाटे घालू नयेत. अंगठ्याची रेघ पऱ्हाटीने कधीच पुसलेली असते.

पाच, म्हाताऱ्या रुग्णाला इलाज न करता परत पाठवले तर कारण लेखी द्यावे. ‘वय’ हे कारण चालणार नाही.

या पाच मागण्यांत नवे औषध नाही, परदेशी तंत्र नाही, सूट नाही, माफी नाही. चाळीस वर्षांपासून जगाला ठाऊक असलेले सलाईन वेळेवर लावा आणि मोजा, एवढेच आहे. ज्या माणसाने पन्नास हंगाम कापूस पिकवला, ज्याच्या ज्वारीवर शहरे जेवली, त्याच्यासाठी एक बाटली मिठाचे पाणी आणि रात्रभर जागणारा एक माणूस मागताना आपल्याला संकोच वाटू नये. त्याचे दाम त्याने आधीच घामाने भरलेले आहे.